फुप्फुसाच्या शस्त्रक्रियेनंतरचे पहिले दिवस

फुप्फुसाचे ऑपरेशन म्हटले की घरातल्या माणसांच्या पोटात गोळा येतो. हृदयाच्या ऑपरेशनची आता गावोगावी माहिती झाली आहे. कोणाचा चुलता, कोणाचा मेहुणा 'बायपास' करून आलेला असतो आणि तो चावडीवर बसून सगळे सांगतही असतो. फुप्फुसाचे तसे नाही. "डॉक्टर, एक भागच काढून टाकला, आता माणूस श्वास कसा घेणार?" हा प्रश्न मला दवाखान्यात बऱ्याचदा ऐकू येतो. ऑपरेशन पुण्या-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात होते. काही दिवसांनी रुग्णाला घरी सोडतात आणि त्यापुढचा महिना-दीड महिना आपल्या गावात, घरच्या माणसांच्या हाती असतो. हा काळ नीट गेला तर सर्जनच्या कष्टांचे चीज होते. म्हणून आज या काळाविषयी थोडे सविस्तर लिहीत आहे.

प्रथम त्या प्रश्नाचे उत्तर देतो. उजव्या फुप्फुसाचे तीन खंड असतात आणि डाव्याचे दोन, कारण डावीकडे हृदयाला जागा द्यावी लागते. कर्करोग, जुन्या क्षयाने पोखरलेला भाग, त्या पोकळीत वाढलेला बुरशीचा गोळा, फुप्फुसाभोवती साचून घट्ट झालेला पू, फुगून फुटलेले हवेचे फुगे, कुत्र्या-मेंढ्यांच्या संपर्कातून होणारी पाण्याची गाठ (हायडॅटिड) अशा अनेक कारणांसाठी छाती उघडावी लागते. बहुतेक वेळा एखादा खंड किंवा त्याचा तुकडाच काढतात. उरलेले खंड हळूहळू प्रसरण पावतात, खालचा श्वासपटल थोडा वर सरकतो आणि रिकामी जागा भरून निघते. क्वचित एका बाजूचे संपूर्ण फुप्फुस काढावे लागते, तरीही माणूस जगतो आणि कामधंदा करतो. अमेरिकेतील सेंट लुईस येथे १९३३ साली डॉ. एव्हार्ट्स ग्रॅहम यांनी कर्करोगासाठी एका रुग्णाचे संपूर्ण डावे फुप्फुस एकाच वेळी काढले. तो रुग्ण स्वतः डॉक्टर होता आणि त्यानंतर जवळजवळ तीस वर्षे जगला. दैवाचा भाग असा, की अनेक वर्षे सिगारेट ओढलेले डॉ. ग्रॅहम मात्र १९५७ साली फुप्फुसाच्याच कर्करोगाने गेले.

ऑपरेशनच्या वेळी नेमके काय होते हे कळले, तर नंतरची पथ्ये का सांगतात हेही कळते. ज्या बाजूला काम करायचे, त्या बाजूचे फुप्फुस भूल देणारे डॉक्टर मुद्दाम मिटवून ठेवतात आणि दुसऱ्या फुप्फुसावर श्वास चालू ठेवतात. त्यासाठी घशातून विशेष प्रकारची जाड नळी घातलेली असते. त्यामुळे शुद्धीवर आल्यावर दोन दिवस घसा दुखतो. काम संपल्यावर मिटलेले फुप्फुस पुन्हा फुगवतात, पण त्याच्या कानाकोपऱ्यातली हवेची पुरचुंडी सगळीच उघडलेली नसते. त्यातच भूल, वेदना आणि पडून राहणे यामुळे कफ आत साचतो. कफाने छोटी श्वासनलिका बुजली की तिच्यापुढचा भाग पुन्हा मिटतो, तेथे जंतू वाढतात आणि न्यूमोनिया होतो. या ऑपरेशननंतरच्या पहिल्या आठवड्याचे अर्धे राजकारण या कफाभोवती फिरते.

छातीतली नळी आणि पाण्याची बाटली

रुग्णाला भेटायला गेलेले नातेवाईक पहिल्यांदा घाबरतात ते बरगड्यांमधून बाहेर आलेल्या नळीला आणि खाली ठेवलेल्या बाटलीला पाहून. बाटलीत पाणी असते आणि नळीचे टोक त्या पाण्यात दोनेक सेंटिमीटर बुडवलेले असते. छातीतली जादा हवा व रक्तमिश्रित पाणी या वाटेने बाहेर येते, पण बाहेरची हवा आत जाऊ शकत नाही. पाणी दारवानाचे काम करते. श्वासाबरोबर नळीतले पाणी वर-खाली हलते, ते चांगले लक्षण आहे. खोकल्यावर बुडबुडे येतात, म्हणजे फुप्फुसाच्या कापलेल्या कडेतून थोडी हवा अजून गळते आहे. बहुतेकांची ही गळती काही दिवसांत आपोआप थांबते. पाच दिवसांच्या पुढे चालू राहिली तर मुक्काम लांबतो. म्हणून शेजारच्या खाटेवरचा रुग्ण आधी घरी गेला की चिडू नये.

बाटलीबाबत नातेवाइकांनी तीन गोष्टी लक्षात ठेवल्या तरी पुरे. बाटली नेहमी छातीच्या पातळीच्या खाली असावी. रुग्णाला फोटोला नेताना कोणीतरी मदतीच्या भरात ती उचलून खाटेवर ठेवतो आणि बाटलीतले पाणी उलटे छातीत जाण्याचा धोका तयार होतो. नळी दुमडलेली, अंगाखाली दबलेली नसावी. आणि हलवताना आपल्या मनाने नळीला चिमटा लावू नये, कारण हवा गळत असेल तर ती आत कोंडून फुप्फुस दाबले जाते. कधी चुकून नळी बाटलीपासून सुटली तर आरडाओरडा करून सगळा वॉर्ड गोळा करण्यापेक्षा नळीचे सुटलेले टोक स्वच्छ पाण्याच्या भांड्यात बुडवून खाली धरावे आणि सिस्टरांना हाक मारावी.

हवा थांबली, येणारे पाणी कमी झाले आणि क्ष-किरण फोटोत फुप्फुस पसरलेले दिसले की नळी काढतात. काढताना रुग्णाला श्वास रोखायला सांगतात, ते काम दोन-चार सेकंदांचे असते. काहींना छोटी पिशवी व एकमार्गी झडप लावून नळीसह घरी पाठवतात. तेथेही पिशवी छातीच्या खालीच ठेवायची हा नियम तोच. नळीच्या जागेचा टाका साधारण आठवडा-दहा दिवसांनी काढावा लागतो. त्याची तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्यावी, कारण पुष्कळदा मुख्य जखमेचे टाके निघतात आणि हा एक विसरतो.

नळीच्या आसपास, कधी मानेपर्यंत, कातडीखाली बोट दाबले की चुरचुर असा आवाज येतो आणि चेहरा सुजल्यासारखा दिसतो. ही कातडीखाली शिरलेली हवा असते. दिसायला भयंकर, पण बहुधा आपोआप जिरते. मात्र ती झपाट्याने वाढत असेल, आवाज बदलत असेल किंवा दम लागत असेल तर लगेच डॉक्टरांना दाखवावे.

खोकला दाबू नका

दोन वर्षांपूर्वी आमच्या भागातले एक साठीचे शेतकरी ऑपरेशन करून घरी आले. जुन्या क्षयाने त्यांच्या उजव्या फुप्फुसाचा वरचा खंड पोकळ झाला होता, खोकल्यातून वारंवार रक्त पडत होते, म्हणून तो खंड काढला होता. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी मुलगा ताप आला म्हणून मला बोलवायला आला. जाऊन पाहिले तर खिडक्या बंद, अंगावर दोन गोधड्या आणि काका भिंतीकडे तोंड करून अंग आखडून पडलेले. खोकल्याची उबळ आली की त्यांच्या पत्नी काळजीने म्हणत, "अहो, आवरा, टाके तुटतील." रुग्णालयाने दिलेले श्वासाचे यंत्र प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेरच आले नव्हते, "तिथे केलं की आठ दिवस." दुखण्याच्या गोळ्याही सवय लागेल म्हणून बंद केल्या होत्या. छाती तपासली तर उजवीकडे खाली श्वासाचा आवाज जवळजवळ ऐकूच येईना. फोटो काढला, पुण्याच्या सर्जनशी फोनवर बोललो, जंतुनाशक औषध सुरू केले. पण खरे काम केले ते वेळेवर घेतलेल्या वेदनाशामक गोळीने, छातीशी धरलेल्या उशीने आणि त्यांच्या धाकट्या सुनेने. ती घड्याळ लावून दर तासाला त्यांना उठवून बसवी आणि "मामंजी, अजून एकदा" म्हणून खोकायला लावी. पहिल्या दोन दिवसांत वाटीभर कफ पडला आणि पाचव्या दिवशी ताप उतरला. वेळ गेली असती तर त्यांना पुन्हा पुण्याला, कदाचित व्हेंटिलेटरवर न्यावे लागले असते.

टाके खोकल्याने तुटत नाहीत. बरगड्या सर्जनने जाड धाग्यांनी बांधलेल्या असतात, त्यावर स्नायूंचे थर शिवलेले असतात. खोकताना दुखते हे खरे, आणि त्यावर उपाय आहे. खाटेच्या कडेला किंवा खुर्चीत पाय टेकून बसावे. एक घट्ट उशी किंवा घडी केलेला टॉवेल जखमेवर दोन्ही हातांनी दाबून धरावा. नाकाने सावकाश खोल श्वास घ्यावा, दोन-तीन सेकंद रोखावा, मग तोंड उघडे ठेवून आरशावर वाफ धरतो तसा 'हाऽ' करून जोरात सोडावा. असे दोन-तीनदा केले की कफ घशाशी येतो, तेव्हा उशी दाबून खोकावे. यात खोकल्याचे श्रम कमी लागतात.

तीन चेंडूंच्या यंत्राबद्दल एक गैरसमज इतका सार्वत्रिक आहे की तो मोठ्या अक्षरात छापायला हवा. हे यंत्र फुंकायचे नाही, ओढायचे आहे. पुष्कळ रुग्ण फुगा फुगवावा तसे त्यात जोर लावून फुंकतात आणि चेंडू हलत नाही म्हणून यंत्र बिघडले म्हणतात. श्वास पूर्ण बाहेर सोडावा, नळी ओठांत घट्ट धरावी आणि सरबत स्ट्रॉने ओढतो तसा सावकाश श्वास आत घ्यावा, चेंडू वर राहील तितका वेळ धरून ठेवावा. जागेपणी दर तासाला दहा वेळा, मध्ये विश्रांती घेऊन करावे, नाहीतर चक्कर येते. पहिल्या दिवशी एकच चेंडू उचलला तरी हरकत नाही, शेजाऱ्याशी स्पर्धा नको. यंत्र नसेल तर नुसते खोल श्वास घेऊन रोखण्याचा व्यायामही उपयोगी आहेच.

वेदनाशामक औषधांबद्दल आपल्याकडे विनाकारण भीती आहे. "सहन करता येईल तितकं करावं" ही वृत्ती इतर ठिकाणी शोभेल, येथे नाही. मोडलेल्या हाताला प्लास्टर घालून विश्रांती देता येते, पण माणूस मिनिटाला पंधरा श्वास घेतो म्हटले तरी दिवसाला बरगड्या वीस हजारांहून अधिक वेळा हलतात. त्यांना विश्रांती देण्याची सोय नाही. दुखले की माणूस श्वास उथळ घेतो, खोकत नाही, आणि मग वर सांगितलेले सगळे चक्र सुरू होते. रुग्णालयात पाठीच्या कण्याजवळ बारीक नळी ठेवून बधिरीकरणाचे औषध देतात, ती काढल्यावर गोळ्या सुरू होतात. घरी या गोळ्या दुखायला लागल्यावर नव्हे, तर लिहून दिलेल्या वेळेवर घ्याव्यात आणि सर्जनच्या सल्ल्याने हळूहळू कमी कराव्यात. त्यांच्या जोडीला दुकानातून आणखी एखादी अंगदुखीची गोळी आणून मात्र घेऊ नये. वयस्कर माणसांच्या आणि रक्तदाब-मधुमेहाच्या रुग्णांच्या मूत्रपिंडांना ती महागात पडते. काही तीव्र गोळ्यांनी बद्धकोष्ठ होते आणि कुंथताना जखम दुखते. रात्री इसबगोल, भरपूर पाणी, आणि तरी न जमल्यास डॉक्टरांकडून रेचक घ्यावे.

रुग्णाला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसवतात, चालवतात. "कालच छाती फाडली आणि आज चालवतायत" म्हणून रागावणारे नातेवाईक मी पाहिले आहेत. बसल्याने फुप्फुसाचा खालचा भाग उघडतो आणि चालल्याने पोटऱ्यांतले रक्त खेळते राहते. पोटरीत रक्ताची गुठळी झाली आणि ती सुटून फुप्फुसात अडकली तर माणूस तासाभरात जाऊ शकतो. म्हणून पडल्या पडल्याही घोट्यापासून पावले वर-खाली करत राहावीत. एक पोटरी सुजली, दुखू लागली तर तिला तेल चोळत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. ज्या बाजूचे ऑपरेशन झाले तो हात न वापरता जवळ धरून ठेवला तर महिन्याभरात खांदा आखडतो. हात वर करणे, भिंतीवर बोटे चालवत नेणे, केस विंचरणे हे पहिल्या दिवसापासून चालू ठेवावे.

साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काही रुग्णांची नाडी एकाएकी अनियमित व जलद होते. खंड काढलेल्या शंभर रुग्णांत दहा ते वीस जणांना हा त्रास होतो. बहुधा तो औषधांनी आटोक्यात येतो आणि काही आठवड्यांत औषधही बंद होते. पण घरी आल्यावर छातीत धडधड सुरू झाली तर ती 'अशक्तपणा' समजून सोडून देऊ नये.

घरी आल्यावर

खोली हवेशीर असावी. धूर नको, मग तो चुलीचा असो, धूप-अगरबत्तीचा असो की डासांच्या कॉइलचा. विडी-सिगारेट रुग्णाने तर नाहीच, पण त्याच्या खोलीत, ओसरीवर दुसऱ्या कोणीही ओढू नये. भेटायला येणाऱ्यांची रांग हा आपल्याकडचा मोठा रोग आहे. माणुसकी खरी, पण सर्दी-खोकला झालेल्या पाहुण्याने फोनवर चौकशी केली तरी ती पोचते.

खाण्याबाबत फार पथ्ये नाहीत. डाळ-भाताने जखम पिकते, केळ्याने कफ होतो, दह्याने टाके सडतात, यांतले काहीही खरे नाही. जखम भरायला प्रथिने लागतात, ती वरण, उसळी, दूध, दही, अंडी, मासे यांतूनच येतात आणि नेमके तेच पदार्थ बंद करून रुग्णाला आठ दिवस साबुदाण्याच्या खिरीवर ठेवतात. भूक मंद असेल तर थोडे थोडे, दिवसातून पाच-सहा वेळा द्यावे. पुरेसे पाणी पोटात गेले तर कफ पातळ राहतो. हृदयाचा वा मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा पूर्ण फुप्फुस काढले असेल, तर पाणी किती हे मात्र सर्जनला विचारावे. आवाज घोगरा झाला असेल आणि पाणी पिताना ठसका लागत असेल तर स्वरयंत्राची नस दुखावलेली असू शकते. अशा रुग्णाने बसून, हनुवटी खाली करून छोटे घोट घ्यावेत आणि ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी, नाहीतर पाणी श्वासनलिकेत उतरते.

सहा आठवडे पाच किलोंहून जड काही उचलू नये. पाण्याचा हंडा, गॅसचा सिलिंडर, नातवंड, धान्याचे पोते हे सगळे त्यात आले. बायकांच्या बाबतीत हा नियम दुसऱ्या आठवड्यातच मोडतो, कारण घरातले पाणी कोणी भरायचे हा प्रश्न डिस्चार्ज कार्डावर लिहिलेला नसतो. त्याचे उत्तर घरातल्या पुरुषांनी आधीच ठरवून ठेवावे. मोटारसायकल चार ते सहा आठवडे नको, सर्जनच्या परवानगीनंतरच चालवावी. एस.टी.ने प्रवास करावाच लागला तर पुढची बैठक घ्यावी आणि उशी जवळ ठेवावी. विमानाने जायचे असेल तर छातीत हवा उरलेली नाही याची खात्री करून सर्जनची परवानगी घ्यावी.

करोनाच्या साथीपासून, म्हणजे २०२० पासून, पुष्कळ घरांत बोटाला लावायचे ऑक्सिमीटर पडून आहेत, ते बाहेर काढा. बोट गार नसावे, नखाला रंग वा मेंदी नसावी. विश्रांतीत आकडा ९२ किंवा त्याखाली राहू लागला तर डॉक्टरांना कळवावे. जुना दम्याचा किंवा विडीचा विकार असलेल्यांसाठी मर्यादा वेगळी असते, ती कार्डावर लिहून घ्यावी. मात्र दर दहा मिनिटांनी आकडा पाहण्याचा छंद लावून घेऊ नये. माणसाकडे पाहावे. एका वाक्यात दोनदा थांबणारा रुग्ण आकडा चांगला असूनही आजारी असू शकतो.

ज्यांचे एका बाजूचे संपूर्ण फुप्फुस काढले आहे त्यांच्याबाबत एक वेगळी गोष्ट सांगायला हवी. त्यांची रिकामी झालेली बाजू काही आठवड्यांत, महिन्यांत पाण्याने भरत जाते, ते नैसर्गिकच आहे. पण कापून शिवलेल्या श्वासनलिकेचे टोक क्वचित उसवते आणि ते पाणी खोकल्यातून बाहेर पडू लागते. रुग्णाला एकाएकी पातळ, लालसर पाण्यासारखा कफ भरपूर पडतो, विशेषतः चांगली बाजू खाली करून झोपल्यावर. घरचे म्हणतात, बरे झाले, कफ सुटला. हे बरे झालेले नसते. ते पाणी उरलेल्या एकुलत्या एका फुप्फुसात शिरत असते. अशा वेळी रुग्णाला ऑपरेशन झालेली बाजू खाली येईल असे टेकवून किंवा अर्धवट बसते करून, एक क्षणही न दवडता रुग्णालयाचा रस्ता धरावा आणि वाटेतच ऑपरेशन केलेल्या सर्जनला फोन करावा.

याखेरीज १००.४ अंशांच्या वर ताप, वाढता दम, छातीत एकदम उठलेली कळ, जखमेतून पू, कफात नुसत्या रेषेहून अधिक रक्त, यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट पाहू नये.

जखमेखाली, छातीच्या पुढच्या भागावर बधिरपणा, मुंग्या, जळजळ हे महिनोन् महिने राहू शकते. बरगडीखालची नस ताणली गेल्याने असे होते. 'आत काही राहून गेले' म्हणून काही रुग्ण झुरत बसतात. सैल सुती कपडे घालावेत, स्त्रियांनी घट्ट चोळी काही काळ टाळावी. तीन महिन्यांनंतरही झोप मोडण्याइतके दुखत असेल तर नसांच्या वेदनेवर वेगळी औषधे आहेत. ती साध्या अंगदुखीच्या गोळीने जात नाही.

क्षयासाठी ऑपरेशन झालेल्यांनी क्षयाच्या गोळ्या चालू असतील तर त्या सांगितलेल्या मुदतीपर्यंत घ्यायच्याच आहेत. ऑपरेशन म्हणजे औषधांना सुट्टी नव्हे. ती औषधे सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. काढलेल्या भागाचा तपासणी अहवाल पुष्कळदा रुग्ण घरी गेल्यावर येतो. कर्करोगाच्या रुग्णांत पुढचे उपचार त्यावरच ठरतात, तेव्हा तो कोणी, कधी आणायचा हे निघतानाच विचारून घ्या. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसींबद्दल पहिल्या तपासणीच्या वेळी विचारा. आणि पहिल्या तपासणीला जाताना सगळे जुने फोटो, अहवाल, चालू गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत घालून न्या, ते चेंडूंचे यंत्रही. रुग्ण ते बरोबर ओढतो की अजून फुंकतोच आहे, हे सर्जनसमोर एकदा करून दाखवलेले बरे.